शेंगदाण्याच्या आमटीचा इतिहास

आबा, आज तुमच्या नातीला मी शिक्षा केली आणि करताना तुमचीच आठवण झाली, म्हणून लिहायला बसले. ती नववीत आहे. वाकडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला स्वतंत्र टेबल आहे, लॅपटॉप आहे, वही मात्र शोधावी लागते. अभ्यासाच्या नोट्स ती टाइप करते. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं, असं मी तिला रोज सांगते आणि ती रोज म्हणते, "आई, तू स्वतः पेनने शेवटचं कधी लिहिलंस?" कुरिअरवाल्याच्या कागदावरची सही सोडली तर मला आठवत नाही, म्हणून मी विषय बदलते.

तुम्हाला असली उत्तरं कुणी दिली नाहीत. रहाटणीच्या आपल्या दोन खोल्यांत तुमचा कायदा सरळ होता, रोज चार पानं लिहायची. चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून तुम्ही यायचात, हातपाय धुवायचात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून म्हणायचात, "आण वही." मग बोटाला थुंकी लावून पानं मोजायची, वही लांब धरून ओळी सरळ आहेत का बघायचं. "आज इतिहास व्हय? अक्षर झ्याक हाय." इतिहास तुम्ही कव्हरच्या निळ्या रंगावरून ओळखायचात. आठवीत मी सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घातली आणि तुम्ही मराठीच्या निबंधाला "इतिहास बरा झालाय" म्हणालात, तेव्हा मला कळलं. शाळा तुम्ही दुसरीतच सोडलेली. सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं. मला हे समजलंय हे मी कुणालाच कळू दिलं नाही, कारण त्यात माझा फायदा होता.

तो फायदा मी दहावीत घेतला. धडा समजून आपल्या शब्दांत लिहायला दीड तास लागायचा, वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं काही उतरवायला त्याच्या निम्मा. मग वर ठळक अक्षरात 'स्वातंत्र्यलढा' लिहायचं, दोनदा अधोरेखित करायचं आणि खाली सरळ पाककृती. महिनाभर तुम्ही खूश होतात. इतके खूश, की एका सकाळी ती वही डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत घेऊन गेलात. शाळेत दप्तर उघडल्यावर मला ती दिसेना, आणि त्या दिवशी कुठल्या तासाला काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

कॅन्टीनमध्ये तुम्ही वही सुपरवायझरसमोर ठेवली. "पोरीचं अक्षर बघा, साहेब." साहेबांना कौतुक वाटलं, त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. "स्वातंत्र्यलढा. साहित्य : एक वाटी भाजलेले शेंगदाणे, चार हिरव्या मिरच्या." साहेबांना थांबायचं सुचलं नाही, त्यांनी फोडणीपर्यंत वाचलं. शेवटी काउंटरमागून आचारी म्हणाला, "आमसूल राहिलंय."

घरी येऊन तुम्ही ओरडत नाही. वही माझ्यापुढे ठेवता, तांब्याभर पाणी पिता आणि म्हणता, "आमसूल राहिलंय म्हनं." भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबतो. काय घडलं ते तुम्ही सगळं सांगता आणि मग विचारता, "मला वाचाया येत न्हाई, ते आज समद्या कॅन्टीनला कळलं. तुला कवापास्नं ठावं हाय?"

"आठवीपासून," मी म्हणते.

तुम्ही ती वही उचलून माझ्या हातात देता. मग म्हणता, "उद्यापास्नं वही दावायची न्हाई. वाचून दावायची. न्हाई समजलं तर मी इचारनार."

आणि तुम्ही विचारायचात. मिठावर कर म्हंजी काय? मीठ उचलाया एवढं लांब चालत कशापायी गेली मानसं, हितं दुकानं नव्हती का? तुम्हाला पटेपर्यंत सांगायचं म्हणजे मला धडा तीनदा वाचावा लागायचा. आई कान देऊन ऐकायची आणि भाकऱ्या करपायच्या. दहावीला इतिहासात मी शाळेत पहिली आले.

आज मी तेच केलं. तुमच्या नातीला म्हटलं, नोट्स वाचून दाखव. तिने ऐटीत सुरुवात केली, "नक्कीच. नववीच्या विद्यार्थिनीसाठी सोप्या भाषेतल्या नोट्स खाली दिल्या आहेत." आणि थांबली. कॉम्प्युटरनेच लिहून दिलेलं तिने एकदाही न वाचता चिकटवलं होतं. "पुढे वाच," मी म्हणाले. शेवटी 'आणखी थोडक्यात हवं असल्यास सांगा' असंही होतं. शिक्षा करणाऱ्याने हसू नये, म्हणून मी बाल्कनीत जाऊन आले. मग सांगितलं, टाइप कर नाहीतर हाताने लिही, पण रोज मला समजावून सांगायचं.

"तुला कळणार आहे का?"

"नाही कळलं तर विचारेन."

अणू म्हणजे काय, यावर मी इतके प्रश्न विचारले की ती वैतागून पेन शोधायला उठली. ते सापडायला दहा मिनिटं गेली, पण आकृती चांगली काढली.

एक गोष्ट राहिली, आणि ती आहे म्हणून हे पत्र मी तिलाही वाचून दाखवणार नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत तुम्ही मला म्हणाला होतात, "आता मोकळी हायस, तर मलाबी थोडं वाचाया शिकव." मी म्हणाले, निकाल लागू द्या. निकालानंतर कॉलेजचं कारण दिलं. तुम्ही शेवटपर्यंत परत विचारलं नाही. वेळ भरपूर होता, आबा. मैत्रिणी दिवसभर आपल्या दारावरून ये-जा करायच्या, आणि माझा बाप माझ्यापुढे पाटी घेऊन बसलेला त्यांना दिसू नये, एवढंच कारण होतं.