आधी खुर्चीबाईला सांगायचं

सोमवार, ३

आले बाई एकदाची! सामान पोचलं, चावी मिळाली, नळाला पाणी आहे आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी आहे की ओट्याशी उभं राहून अख्खा रस्ता दिसतो. गुंडीला उचलून गाड्या दाखवायला बरी. ती आणि तिचा बाबा शाळेचं वर्ष संपलं की इकडे येतील. तोवर मी एकटी, आणि माझी बडबड ऐकायला ही वही.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. मला धरून माणसं चार. टीमच्या प्रमुखांना सगळे मुकादम म्हणतात, कारण ते हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारतात. दुसरा पोपट, त्याचं तोंड मिनिटभर बंद नसतं. तिसऱ्या टेस्टिंगवाल्या ताई. आमच्या कामातली चूक सापडली की त्या खुशीत टेबल वाजवतात. जेवायच्या सुट्टीपर्यंत माझीही थट्टा सुरू झाली होती, म्हणजे मला घेतलं म्हणायचं.

मला आणलंय ते एका जुन्या दुखण्यासाठी. आमचा प्रोग्रॅम गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवतो. कामासाठी मेमरी मागून घेतो आणि काम झालं तरी परत देत नाही. यालाच मेमरी लीक म्हणतात. सकाळी बारीक असतो, दुपारपर्यंत फुगतो, मग सगळंच अडकतं. म्हणून रोज जेवायच्या सुट्टीत त्याला बंद करून पुन्हा चालू करतात. पोपटाच्या भाषेत 'आंघोळ घालतात'. मी येईपर्यंत कुणाला याचं मूळ सापडू नये म्हणजे कमालच आहे. मी काढून दाखवीन, नाहीतर नाव बदलीन.

संध्याकाळी गुंडीशी बोलले. झोपताना तिला माझ्या कानाची पाळी धरायला लागते. आता काय धरतेस म्हटलं, तर म्हणाली बाबाचा कान, पण त्याला केस आहेत. खूप हसले. फोन ठेवल्यावर तेवढीच रडले. चार वर्षांचं पोर सोडून आले, माझा जीव तिकडेच आहे.

बुधवार, ५

इथला एक नियम कळला. अडलं की लगेच कुणाला विचारायचं नाही. कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची आहे, विटक्या कापडाची, आणि तिच्यासमोर एक बुटकं स्टूल. स्टुलावर बसून आपली अडचण खुर्चीला मोठ्याने सांगायची. अगदी पहिल्यापासून: काय करायला गेलो, काय व्हायला हवं होतं, झालं काय. सांगता सांगता उत्तर आपल्यालाच सुचतं. युक्ती नवी नाही, जुन्या ऑफिसात आम्ही कुंडीतल्या झाडाला सांगायचो. इथे तिला खुर्चीबाई म्हणतात.

आज माझी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, अडली. साधं काम, शेकडो फाइलींची नावं बदलायची. काही फाइलींची बदलायची, काहींवर रुसून बसायची. पोपट म्हणाला, स्क्रिप्टलाही नवीन माणूस आवडलेला नाही. शेवटी गेले खुर्चीबाईकडे. निम्मं सांगून होत नाही तोच डोक्यात लख्ख झालं. ज्या फाइलींच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्या नावाचे स्क्रिप्ट दोन तुकडे करत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

खुर्चीची गादी मधोमध दबलेली आहे, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. जुनी असणार.

सोमवार, १०

गंमत झाली. पोपटाची स्क्रिप्टही फाइलींच्या नावांवरच अडली. तू कसं सोडवलंस, म्हणून माझ्याकडे आला. मला काही केल्या आठवेना. माझीच स्क्रिप्ट उघडली तर दुसऱ्या कुणाची वाचावी तसं वाटलं. इथे बुधवारी लिहिलं होतं म्हणून कळलं, नाहीतर पोपटासमोर नाक कापलं गेलं असतं. झोप कमी पडतेय.

आणखी एक. ही माणसं दिवसभर एकमेकांची खेचतात, पण घरचा विषय कुणी काढत नाही. मुकादमांच्या टेबलावर शाळेच्या कपड्यातल्या एका मुलाचा फोटो आहे. कोण हा, म्हणून विचारलं. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, असेल घरातलाच कुणीतरी. सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू मला टोचत होतं.

गुरुवार, १३

लीक सापडलं! म्हणजे सकाळी सापडलं होतं. प्रोग्रॅम काहीतरी धरून बसतो आणि सोडत नाही, इथवर नक्की आठवतं. खात्री करून घ्यावी म्हणून खुर्चीबाईला पहिल्यापासून सांगितलं. शेवटचा दुवाही जुळला. आनंदाने उठले, जागेवर येऊन हात कीबोर्डवर ठेवले आणि डोकं कोरं. काय धरून बसतो? कुठे? काही नाही.

ताईंना सांगितलं तर त्यांनी टेबल वाजवलं. म्हणाल्या, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक नव्या माणसाला सापडतं ते. त्यांनाही सापडलं होतं, पोपटालाही, मुकादमांना दोनदा. मग लिहून का नाही ठेवलं? त्या म्हणाल्या, अगं, आधी खुर्चीबाईला सांगायचं ना, उठल्यावर लिहायला उरतंच काय.

सांगितलेलं ती ठेवून घेते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं! उद्यापासून त्या कोपऱ्याकडे फिरकायचंही नाही.

शुक्रवार, १४

नाही गेले. अडलं तरी नाही. पोपट म्हणाला, खुर्चीबाई विचारत होती तुला. नेहमीसारखी थट्टाच. पण मला हसू आलं नाही.

सोमवार, १७

सकाळी नवऱ्याचा फोन. गुंडीला कालपासून ताप, औषधाने उतरत नाही, सारखी आई आई करतेय. निघून ये म्हणाला. मुकादमांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उद्या सकाळी निघ म्हणाले, आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तोवर जरा मोकळी हो.

मी नाहीच म्हणाले होते. पण दुपारी सगळे चहाला बाहेर गेले आणि फोनवर ऐकलेला पोरीचा रडका आवाज कानातून जाईना. कुणाला तरी सांगायला हवं होतं. स्टुलावर कधी बसले तेही कळलं नाही. तापाबद्दलच सांगणार होते. पण आम्हा लोकांना सवय ना, सगळं पहिल्यापासून आणि क्रमाने सांगायची. म्हणून तिच्या जन्मापासून सुरुवात केली. पहिलं रडणं. दात. डोक्याला येणारा वास. कानाची पाळी धरून झोपणं. काय व्हायला हवं होतं, काय झालं. काही म्हणता काही सुटलं नाही.

उठले तेव्हा कानातला आवाज गेला होता. खुर्चीच्या गादीला हात लावून पाहिला. गरम होती.

मंगळवार, १८

निघायचं होतं. कशासाठी ते आठवत होतं, पण पाय उचलेना. नवऱ्याने फोनवर सांगितलं, ताप उतरलाय. मी बरं म्हणाले. त्याने फोन मुलीला दिला. ती बोलत राहिली. शेजाऱ्यांचं पोर बोलावं आणि आपण हं हं करावं, तसं झालं.

ती माझी मुलगी आहे हे मला माहीत आहे. एखाद्या देशाची राजधानी माहीत असते तसं. वर ३ तारखेला कानाबद्दल लिहिलंय. वाचून कानाची पाळी धरून पाहिली. नुसता कान.

देवा, मी काय करून बसले!

बुधवार, १९

ताईंना विचारलं, परत मिळतं का? त्या म्हणाल्या, आजवर कुणी मागितलं नाही. नवरा गेल्यावर त्यांनी तो सबंध खुर्चीबाईला सांगून टाकला होता. आता हलकं वाटतं म्हणे. मुकादम कधीतरी एक अख्खा दिवस स्टुलावर बसले होते. कशापायी, ते त्यांनाच ठाऊक नाही.

मी मागितलं. सगळ्यांदेखत खुर्चीसमोर हात जोडून मागितलं. पोपटाने मागून टाळ्या वाजवल्या.

काही नाही. गादी तेवढी आणखी दबली.

गुरुवार, २०

नवरा फोनवर ओरडला. तू अशी नव्हतीस म्हणाला. मग रडला. मला फार भीती वाटतेय, रडू येत नाही याचीच भीती — ही भीती आहे तोवर मी थोडी तरी — हिला धरून ठेवायला हवं. खुर्चीबाईला सांगायचं नाही. कुणालाच सांगायचं —

शुक्रवार, २१

सांगितली. भीती सांगितली. ओघात नवराही सांगून झाला, लग्नापासून.

बरं वाटतंय.

काम चांगलं झालं. दुपारी प्रोग्रॅमला आंघोळ घातली. पोपटाचा विनोद — आता आठवत नाही, पण हसले होते.

शनिवार, २२

जागेवर बसून लिहितेय. आज जादा काम होतं, सगळे आलो होतो.

दुपारी एक माणूस आला, सोबत लहान मुलगी. नाव सांगितल्यावर कळलं, घरचेच. घराला कुलूप पाहून इथे आले म्हणाले. मुलगी धावत येऊन पायांना बिलगली. काय करायचं ते सुचेना, म्हणून उभी राहिले. तिने वर पाहिलं. मग रडायला लागली. ही आई नाही, माझी आई कुठाय, असं ओरडत होती. कुणाला काम सुचेना. पोपटाने नकला केल्या तरी थांबेना.

तो माणूस हुंदके देत मुकादमांना काहीतरी विचारत होता. मुकादम त्याला पाणी देत होते.

मी मुलीचा हात धरला. स्टुलावर बसवलं. म्हटलं, या खुर्चीबाईला सांग तुझी आई कशी होती ते. अगदी पहिल्यापासून.

तिने सांगितलं. आई कशी हाक मारते. आईच्या मांडीवर डोकं ठेवायला कुठे खड्डा आहे. आई गाते ते गाणं, तेही म्हणून दाखवलं. चांगलं सांगत होती, क्रमाने. मध्येच थांबली. डोळे पुसले. स्टुलावरून उतरली, फ्रॉक नीट केला.

माझ्याकडे पाहून म्हणाली, काकू, मी आता जाऊ?

जा म्हटलं. गुणी मुलगी. ताईंनी टेबल वाजवलं.

तो माणूस धावत आला. तिला हलवतोय, नाव घेऊन हाका मारतोय. ती त्याला सांगतेय की या काकू छान आहेत. आता तो माझ्यासमोर उभा आहे. काय केलंस तू, काय केलंस, एवढंच पुन्हा पुन्हा. फार त्रास होतोय त्यांना, बघवत नाही. मी त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही जरा इथे बसा. घाई नाही. पहिल्यापासून सांगा.

बसले. खुर्चीकडे बघतायत. सुरुवात कुठून करू विचारतायत. मी म्हटलं, मुलीपासून करा. ते म्हणतायत, माझी मुलगी, तिचं नाव —