गेल्या किती, आल्या किती

३ जुलै २००८, गुरुवार
नगर परिषदेच्या (न.प.) सभेत ठराव पास. हवाईपट्टी चालवायला वैमानिक शिकवणाऱ्या कंपनीला देणार. मालकी न.प.ची, कारभार कंपनीचा. म्हणजे म्हैस आपली, दावं दुसऱ्याच्या हातात. बावीस वर्षं मी या पट्टीचा मुकादम, आणि बातमी कळली ती चहाच्या टपरीवर. न.प.च्या साहेबांना सांगायला वेळ झाला नसेल. कामं असतात त्यांना.
फेरी झाली. पट्टीवरून उचलले खडे अर्धं पोतं, एक मेलेली धामण. वारा पश्चिमेचा.
रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागलाय. बाया सकाळी गेल्या ३४, संध्याकाळी आल्या ३४.

५ जुलै, शनिवार
कंपनीच्या मॅनेजर मॅडम आल्या. नागपूरच्या, वय तिशीचं. मला वाटलं, गाडीची काच खाली करून बोलतील. चिखलात बूट घालून सगळी पट्टी माझ्याबरोबर पायी फिरल्या. पाणी कुठे साचतं, वारा कधी फिरतो, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतल्याचं मला तरी आठवत नाही.
"काका, आप जैसा ही आदमी चाहिए. सुपरवायझर म्हणून राहाल?"
क्वार्टरही राहील म्हणाल्या. न.प.ने शिफारस दिली की झालं. नाहीतर शहरात पाण्याचे वॉल्व्ह फिरवायला जायचं. रिटायर व्हायला चार वर्षं उरलीत.
घरी बायकोला, सुशीलाला सांगितलं.  ती मागे जाऊन मुनग्याच्या (शेवग्याच्या) झाडाला बादलीभर पाणी घालून आली. भर पावसाळ्यात.
गेल्या ३६, आल्या ३६.

९ जुलै, बुधवार
नकाशा पाहिला. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण. दार एकच, शहराच्या रस्त्याकडे. गाव उत्तरेला, धानाच्या बांध्या (शेतं) दक्षिणेला, मधे पट्टी. मग बायांनी जायचं कुठून?
मॅडमना विचारलं तर त्यांना हे माहीतच नव्हतं. त्या येतात दहाला. बाया सहाला जातात. मी शिट्टी मारतो, पांढरा झेंडा दाखवतो, त्या ओळीने पलीकडे.
कुंपण चूक आहे असं मी म्हणणार नाही. उद्या शिकाऊ पोरं दिवसभर विमानं उतरवणार. शिट्टीवर किती दिवस भागणार? पण नाल्याकडून वळसा म्हणजे जाता दीड तास, येता दीड तास. रोवण्यात उशिरा आलेल्या बाईला बांधीत कोण घेतं? आणि नाल्याला पूर असला तर तेही नाही.
गेल्या ३६, आल्या ३६.

१० जुलै, गुरुवार
दुरपताबाईला सांगितलं. रोवण्याच्या टोळीची म्होरकी. साठी उलटली तरी वाकून सगळ्यांच्या पुढे.
"काऊन गा मुकादम, आमी का इमानं अडवून राहिलो?"
म्हटलं, तसं नाही बाई, कायदा आहे.
"ही वाट माया आजसासूची. पट्टी वाटेवर आली, वाट का पट्टीवर गेली?"
 वाट राहू द्या म्हणून तहसीलदारांना अर्ज मीच लिहून दिला. सह्या १२, अंगठे २९. शाईचा डबा माझाच गेला.
गेल्या ३७, आल्या ३७.

१६ जुलै, बुधवार
नायब तहसीलदार चौकशीला आले. सरळ माणूस. ओसरीत बसून सगळ्यांचं ऐकलं.
मॅडमही सरळच बोलल्या. "वहिवाट कागदावर असेल तर मी नकाशात फाटक टाकते, फाटकावर माणूस ठेवते. कागदच नसेल तर माझे वरचे ऐकणार नाहीत."
मग साहेबांनी माझं रजिस्टर मागितलं. कपाटातून सगळी काढली. एक रकाना आहे, 'पट्टीवर माणसे / जनावरे'. रोज सकाळी, माझ्याच अक्षरात, निरंक. निरंक. निरंक. साहेब पानं उलटत गेले.
"मुकादम, इथे तर बावीस वर्षांत एक माणूस फिरकलेला नाही."
दुरपताबाईने विचारलं, "निरंक म्हंजे का जी?"
साहेब म्हणाले, "कोणी नाही."
ती माझ्याकडे पाहत राहिली. मी कपाटाच्या किल्ल्या मोजत होतो. दोनच आहेत.
साहेबांनी मुदत दिली, सोमवार २८ तारखेपर्यंत. काही कागद असेल तर आणा म्हणाले.
गेल्या ३८, आल्या ३८.

१७ जुलै, गुरुवार
शिट्टी मारली. रोज दुरपताबाई जाताना काहीतरी टोमणा मारते, आज नाही.  टोमणा परवडला.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टरात मी खरं लिहिलं होतं. 'अकरा महिला पट्टी ओलांडून गेल्या.' दुसऱ्या दिवशी शहरातून दोन शिपाई आले, अकरा जणींना दिवसभर ऑफिसच्या ओट्यावर बसवून ठेवलं. उपटलेले पऱ्हे (धानाची रोपं) बांधावर सुकले. त्यात दुरपताबाई होती, कडेवर लेकरू. शिपायांनी ते पान फाडून नेलं, आणि त्या दिवसापासून निरंक. वाटलं होतं, आपण भलं करतोय. करतही होतो. भलं करताना त्यांचं येणं-जाणंच पुसून टाकतोय, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. कोणाच्या आलं असतं?
गेल्या ३८, आल्या ३८.

२२ जुलै, मंगळवार
कोणी मोठे आले विमानाने. बाया वीस मिनिटं कडेला उभ्या, डोक्यावर प्लास्टिकची पन्नी. विमान उतरलं, धूळ नाही, नुसतं पाणी उडालं. मग शिट्टी.
न.प.तून शिफारसपत्र आलं. 'सेवा निष्कलंक.' सुशीलाने दोनदा वाचायला लावलं.
गेल्या ३९, आल्या ३९.

२४ जुलै, गुरुवार
आत्ता 'गेल्या ४०' लिहिलं आणि हात थांबला.
अरे गाढवा. कागद आहे ना.
मोजायची सवय लागली ती एका बाईमुळे. एका वर्षी संध्याकाळी एक कमी आली. शोधत गेलो तर पट्टीच्या कडेला पडलेली, साप चावलेला. वेळेत दवाखाना गाठला, वाचली. तेव्हापासून सकाळी मोजतो, संध्याकाळी मोजतो. आकडा जुळला की झेंडा गुंडाळायचा. रजिस्टरात लिहिता येत नव्हतं म्हणून इथे लिहीत आलो.
पेटी उघडली. जुन्या वह्यांपैकी दोन वाळवीने खाल्ल्या. ही धरून वीस आहेत.
आल्या ४०.

२५ जुलै, शुक्रवार
वह्या द्यायच्या म्हणजे काय, ते आज शांतपणे मांडून पाहिलं. एकाच सकाळी एकाच हाताने दोन गोष्टी लिहिल्या, हे मीच सिद्ध करून देणार. खोटी ती सरकारी. 'निष्कलंक' गेलं. सुपरवायझर गेलं, क्वार्टर गेलं. खात्याची चौकशी लागली तर पेन्शनही अडकेल.
आणि दुसरं. वह्यांत फक्त आकडे नाहीत. न.प.च्या साहेबांना शिव्या आहेत, सुशीलाशी भांडणं आहेत. आमचं दुसरं लेकरू गेलं तो दिवस आहे. त्या दिवशीही मोजलंय. गेल्या २७, आल्या २७, आणि खाली एक ओळ लेकराची. ती ओळ मी परत कधी वाचलेली नव्हती. आज वाचली.
सुशीलाला सगळं सांगितलं. तिला हे क्वार्टर सोडायचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आपलं लेकरू होतं, हे त्या वहीतच त लिवून हाय. वाचू द्या त्यायले."
थोड्या वेळाने, "मुनगा का सोबत नेता येते?"
फांदी लावली तर लागतो, म्हटलं.
गेल्या ४०, आल्या ४०.

२६ जुलै, शनिवार
मॅडमना आधीच सांगितलं. मागून कळायला नको. 
"काका, मग मी तुम्हाला घेऊ शकणार नाही. रनवेच्या रजिस्टरात खोटी नोंद केलेला माणूस… वर काय सांगू?"
म्हटलं, बरोबर आहे तुमचं. खरंच बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.
निघताना त्यांनी हाक मारली. बाया नेमक्या कुठून ओलांडतात, विचारलं. मी नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी तिथे पेन्सिलने फाटकाच्या दोन बारीक रेघा मारल्या. "अभी पक्का नहीं है हं, काका."
गेल्या ४०, आल्या ४०.

२७ जुलै, रविवार
दुरपताबाई क्वार्टरवर आली. सुशीलाने सांगितलं असणार. ओट्यावर वह्या मांडल्या होत्या, वीसच्या वीस. तिने एकेकीवर हात फिरवला.
"यात आमी हाओत?"
"रोजच्या रोज."
"त मंग तुले काढून टाकतीन ना?"
बहुतेक, म्हटलं.
ती उठली. जाताना म्हणाली, "रोवणा संपला का आमी येऊन तुयं सामान वाहून देऊ." एवढंच. रागावलेली नव्हती. मी चहाचं निमित्त करून आत गेलो.
गेल्या ४०, आल्या ४०.

२८ जुलै, सोमवार
सकाळचे साडेनऊ. वह्या खताच्या रिकाम्या पोत्यात भरल्यात. ही शेवटची, लिहून झाली की वर ठेवायची. अकरा वाजता साहेबांपुढे. काय ठरेल ठाऊक नाही. फाटक होईल, न होईल. माझं काय, तेही ते ठरवतील. 
फेरी झाली. खडे थोडेच. वारा फिरलाय, पूर्वेचा आहे.
आज शिट्टी मारली आणि बाया ओळीने गेल्या. अर्जावर सह्या-अंगठे केलेल्या सगळ्याच, एकही घरी थांबली नाही. दुरपताबाई शेवटी होती, एरवी पुढे असते. पलीकडे जाऊन थांबली, मी मोजून हात वर करीपर्यंत.
मग ऑफिसात जाऊन सरकारी रजिस्टर उघडलं. 'पट्टीवर माणसे / जनावरे' या रकान्यात लिहिलं, महिला ४१, रोवण्यास, नेहमीच्या वाटेने. खाली सही केली.
संध्याकाळी मोजायला मी असेनच, पण वही साहेबांकडे असेल. जागा सोडून ठेवतो.
गेल्या ४१, आल्या