स्वयंपाकघर आधी

तनुजा,

मी मुरुडला अक्काकडे जात आहे. उद्या दुपारी येईन. तुम्हा दोघांना तोंडावर सांगायला जमले नाही, म्हणून लिहितो.

काल दस्तगीर मिस्त्री छपरावरूनच ओरडला, "मास्तर, ह्ये डांबर कुनी थापलं? पत्रा निघंना झालाय, कापावा लागतो आता!" हरिओम म्हणाला, "आमच्या आईची मिस्त्रीगिरी हाय ती." सगळे हसले, मीही हसलो.

तुझ्या सासूबाई दर मृगाआधी माझ्या पुस्तकांच्या खोलीवर चढून डांबर आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लावायच्या. मी खाली शिडी धरायचो. पुस्तके कधी भिजली नाहीत. पण मिस्त्री म्हणतो, त्या थरांनी पाणी अडले आणि पत्र्याखालून स्वयंपाकघराकडे वळले. तिथले वासे सडले आहेत. तिथेच गळतीखाली पातेली मांडून त्या भाकरी थापायच्या, आणि मी म्हणायचो, तिकडचा पत्राच हलका असेल. त्यांना हे ठाऊक होते का? आज त्या असत्या तर विचारले असते. खरे म्हणजे, तेव्हाही मी विचारले नसते.

आता वासेही बदलायचे, म्हणून पावसाआधी एकच बाजू होईल. माझ्याकडे बघून हरिओमने पुस्तकांची बाजू आधी धरायला सांगितली आहे. तसे होऊ देऊ नकोस. मिस्त्री आला की तूच सांग, स्वयंपाकघर आधी. माझ्यासमोर तू बोलली नसतीस, म्हणूनही मी जात आहे.

बापू