चटईच्या चोरीचा तिसरा जबाब

आदरणीय आत्या,

तुम्हांला वाकून नमस्कार. वावाऊ बेटावर परतताना बोटीत फार हेलकावे बसले नाहीत ना? गुडघे कसे आहेत? इथे आम्ही बरे आहोत, म्हणजे बाबांना जाऊन आठवडा झालेल्या घरात जितकं बरं असावं तितके.

तुम्ही निघालात त्याच दिवशी माझ्या पलंगावरून आईने विणलेली बारीक विणीची चटई गेली. दहाव्या दिवशी थडग्यावर काळे दगड रचून वर तीच अंथरीन, असं मी बाबांना वचन दिलं होतं, म्हणून चौकीत कळवलं. तपास आला धाकट्या काकांच्या सिओसाइयाकडे. आता चुलतभाऊ म्हणजे भाऊच. आपल्या रीतीत तो बहिणीच्या खोलीत पाऊल कसं टाकणार, की तिच्याशी समोरासमोर कसं बोलणार? (पलंग हा शब्दही त्याच्या तोंडून फुटेना. नोंदीत 'घरातील एक जागा' असं आहे.) तो ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसला, मी आत, आणि प्रश्न पोचवायला मधे शेजारच्या वीकाकाकू. त्या स्वतःचेही घालत होत्या. "तो विचारतोय, चटई शेवटची कधी पाहिलीस. आणि मी विचारते, मला कधी का नाही दाखवलीस?"

तीन दिवसांत तीन जबाब झाले. राजधानीतल्या प्रशिक्षणात त्याला शिकवलंय, की ज्याचं गेलं त्याला घाई करू नये, डोळे मिटायला सांगावं, आवाज आठवायला सांगावेत, वास आठवायला सांगावेत. मी शोकात नेसायच्या या जाड चटईत गुंडाळलेली, ती काखेत टोचतेय, आणि डोळे मिटून बसलेय. "सावकाश, म्हणतोय," वीकाकाकू म्हणाल्या, "त्याला दुसरं काम नाही." पहिल्या दिवशी मला कोंबडा आठवला. दुसऱ्या दिवशीही कोंबडाच. (दोन्ही वेळा त्याने लिहून घेतला.) तिसऱ्या दिवशी मात्र खोलीतला वास खरंच आठवला. मी सांगितलं, कसलाच वास नव्हता. त्याने पुन्हा विचारलं नाही. इतक्या चिकट माणसाने ते सोडून द्यावं, याचं नवल वाटलं.

आपली नम्र भाची,
मेलेआने

ता. क. वास चंदन घातलेल्या खोबरेल तेलाचा होता. तसं तेल आपल्यात तुम्हीच लावता. भावाच्या घरातलं हवं ते उचलण्याचा तुमचा मान आहे, तो मी नाकारत नाही, आणि परत मागायची माझी हिंमतही नाही. फक्त दहावा दिवस गुरुवारी आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सिओसाइया ओसरीवर आला. वीकाकाकू नव्हत्या, म्हणून थेट माझ्याशीच बोलला. पत्र कोणाला, म्हणाला. मी सांगितलं, आत्याला. त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "माझाही नमस्कार लिही. आणि तिकडून बोट बुधवारी सुटते, तेही लिही."