गालात धरलेली गोळी

प्रिय चष्मिस,

परवा तुझ्या दादाचा फोन आला, तेव्हापासून लिहीन म्हणतोय. पण हात माकडांच्या शीमध्ये अडकलेले. हसू नकोस! कॉलेज अर्धवट सोडून पोरगा प्राणिसंग्रहालयात शी तपासतो, हे आई कुणाला सांगत नाही. शेजाऱ्यांना म्हणते, "ऑफिसात आहे."

आमची ही माकडं जगात फार थोडी उरलीत. त्यातली एक मादी, आमची बाईसाहेब, गाभण, आणि पोटात जंत. रोज केळ्यातून गोळी देऊनही नुसता सापळा होत चालली होती. पिल्लू जातं की तीच जाते, असं झालं. मी भडकलो. औषधवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाल्या, "अरे, ओरडून जंत पडत असते तर तुझ्या एकट्याच्या आवाजावर इथले हत्तीसुद्धा बरे झाले असते."

ही बाई म्हणजे काय रसायन आहे, तुला कसं सांगू! गोळी नक्की कुणाच्या पोटात जाते हे कळावं, म्हणून त्यांनी केळ्यात केकवर घालतात तसली निळी चमकी मिसळली. ती सापडली बुवाच्या शीमध्ये! बुवा म्हणजे बाईसाहेबांचा नवरा. चोर सापडला म्हणून मी त्याला कोंडायला निघालो, तर डॉक्टरबाईंनी कॉलर धरून मला पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसवलं. "गप बघ."

बाईसाहेबांनी केळं घेतलं, तोंड मिटलं. रोज मी इथंच 'खाल्लं' म्हणून पाठ फिरवायचो. माकडाच्या गालात पिशवी असते, हे विसरून! दुपार कलली. माझी चुळबुळ चाललेली, डॉक्टरबाई मात्र पापणी हलवतील तर शपथ. शेवटी बाईसाहेबांनी गालातला कडू घास थुंकला आणि बुवाने तो इमानदारीत उचलून खाल्ला. चोर कसला, बिचारा बायकोचं उष्टं खात होता! जंत त्याचे गेले, हिचे राहिले.

आता डॉक्टरबाई गोळी कुटून मधात कालवतात नि बाईसाहेब चमचा चाटूनपुसून परत करते. काल बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. जंताचं एक अंडं नाही. रिकामी काच इतकी सुंदर दिसते, माहीत नव्हतं गं.

दादा म्हणाला, तू शिकायला परदेशी निघालीस. अख्ख्या कॉलेजशी भांडलो मी, पण तुझ्यासमोर एक वाक्य कायम गालात धरून फिरलो. आज लिहून टाकतो: तू मला फार आवडतेस. जा, खूप शीक. उत्तराची घाई नाही. स्टुलावर गप बसायला मी आता शिकलोय.

तुझाच (हे लिहायला केवढं धाडस लागलं!),
भडकू