म्हाताऱ्याला घरघर

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

आज पुन्हा तो आवाज. पुढच्या डाव्या चाकातून. जात्यात खडा सापडावा तसा — खर्रर्र, मग गप्प, मग पुन्हा खर्रर्र. यतीन म्हणतो, तुला भास होतात. नवऱ्याला ऐकू न आलेलं बायकोला ऐकू आलं की त्याला भास म्हणायची पद्धत आहे.

ट्रकची हकिगत लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही. बाजार खुला झालाय, जग चकचकीत छोट्या मोटारी घेतंय. आमच्या घरच्या कर्त्या पुरुषाने केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकवून लिलावातून काय आणलं? एक सेवानिवृत्त ट्रक. छोटा, हिरवा, चारही चाकांना ताकद देणारा. कारण दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत, आमच्या नव्या सोसायटीपर्यंत रस्ता नाही. फ्लॅट आहे, गेट आहे, गेटवर संगमरवरी पाटी आहे, रस्ता तेवढा राहिलाय. पाणीही राहिलंय, पण त्यावरचा उपाय अजून कुठल्या लिलावात निघालेला नाही.

ट्रकचं नाव मी 'म्हातारा' ठेवलं. आता आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरला दोन म्हातारे. एक खाली कडुलिंबाखाली, एक वर फोनशेजारच्या खुर्चीत — माझे सासरे. दोघंही पेन्शनीत निघालेले, दोघांनाही थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो. बाबांना हे नाव कळलं तेव्हा ते हसले. म्हणजे मिशी हलली.

रविवार म्हणून पुण्याहून सुनंदाताईंचा फोन. यतीनच्या मोठ्या बहिणीचा. माझ्याशी बोलल्या, आमच्या लेकीशी, इशिताशी बोलल्या. बाबा हातभर अंतरावर, तोंडासमोर पेपर. त्यांनी फोन घ्यायचा नाही, ताईंनी तो मागायचा नाही. ताईंनी साळव्यांशी लग्न केलं. साळवे ख्रिस्ती, कॉलेजात शिकवतात, ज्यांच्यावरून आमचा अख्खा गोतावळा ओवाळून टाकावा असा माणूस. तेव्हा बाबा म्हणाले होते, मी मरायला टेकेन तेव्हाच या घरात पाय ठेव. ताई म्हणाल्या, बरं. इशिताच्या जन्माच्या आधीची गोष्ट. दोघंही शब्दाचे पक्के. घरात अशी दोन पक्की माणसं असली की बाकीच्यांनी निरोप्याची नोकरी करायची.

यंदाच्या पावसाळ्यानंतर बाबा फार थकलेत. डॉक्टर तपासून जाताना माझ्या नजरेला नजर देत नाहीत. हे मी ताईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, त्यांनी बोलावलं तर येईन. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मी कशाला बोलावू, अट तिला ठाऊक आहे.

मी थकले.

१० नोव्हेंबर, मंगळवार

यतीनलाही भास झाला. अख्ख्या रिंग रोडला झाला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

चाकाच्या निमित्ताने राष्ट्रीय एकात्मता साधली. समोरचे अय्यर म्हणाले, बेअरिंग. वरचे चटर्जी म्हणाले, ब्रेक. खालचे चोप्रा म्हणाले, बेच दो यार. सगळ्यांनी बाल्कनीतूनच निदान केलं, चाकाला हात कोणी लावला नाही.

यतीनने लावला. जॅकवर गाडी चढवली, चाक वर-खाली धरून हलवलं — ढिलं नाही. हाताने फिरवलं — आवाज नाही. म्हणजे रुग्ण डॉक्टरसमोर ठणठणीत. मग रस्त्यावर तपासणी. मी शेजारच्या सीटवर, डोकं खिडकीबाहेर, कान चाकाकडे. थंडी, धूर आणि बसमधल्या लोकांच्या नजरा. यतीन ओरडून विचारणार: डावीकडे वळताना वाढला? उजवीकडे कमी झाला? ब्रेक मारल्यावर? इतक्या काळजीने त्याने माझी तब्येत कधी विचारलेली आठवत नाही.

निष्कर्ष: वळलं तरी तोच, ब्रेक मारला तरी तोच. तरीही मोहम्मदपूरच्या गॅरेजवाल्याने बेअरिंग बदललं. येताना आवाज आमच्याबरोबर घरी आला.

भाजीवाल्याकडे कांदा बघितला. फक्त बघितला.

१५ नोव्हेंबर, रविवार

द्वारकेला सोसायटीची मीटिंग. बाबांना घेऊन नव्या घरात कधी जायचं, ते पाण्यावर अवलंबून; पाणी कशावर अवलंबून, ते कोणालाच सांगता येईना. चहाचा ठराव एकमताने पास झाला.

पण एक शोध लागला. गेटसमोरच्या वाळूत चाकं रुतली, म्हणून यतीनने छोटा लीव्हर ओढून चारही चाकांना ताकद दिली — आणि आवाज बंद! पार पक्क्या रस्त्यापर्यंत गप्प. लीव्हर परत टाकला की खर्रर्र. म्हणजे म्हातारा चारही पायांनी काम करतो तेव्हा कुरकुरत नाही, दोन पायांवर सोडला की कण्हतो. यतीन म्हणे, याला काहीतरी अर्थ आहे. अर्थ असेलच. बेअरिंगमध्ये मात्र तो नव्हता.

घरी आलो तोवर ताईंचा फोन येऊन गेला होता. इशिताने घेतला. काय बोललीस आत्याशी? "कुछ खास नहीं मम्मा, ट्रकबद्दल." बाबा जेवून झोपलेले.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बेल. मला वाटलं दूधवाला. दारात सुनंदाताई!

हातात एक बॅग, साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. खाली रिक्षा अजून फटफटत होती. आत यायच्या आधी मला एवढंच विचारलं, "आहेत?"

मी नुसती बाजूला झाले. बाबा खुर्चीत, गुळगुळीत दाढी केलेली, चहात टोस्ट बुडवून धरलेला. त्यांनी मान वर केली. टोस्ट तुटून कपात पडला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नीरजा, आणखी एक चहा टाक. साखर कमी."

इतक्या वर्षांनी मुलगी दारात आणि आठवलं काय, तर तिची साखर.

ताई भिंतीला धरून खाली बसल्या. यतीन दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला. मग हळूहळू उलगडा. रविवारी इशिताने फोनवर सांगितलं होतं, म्हाताऱ्याला घरघर लागलीय. ताईंनी पुढचं काही ऐकलं नाही. फोन ठेवला आणि मिळेल त्या गाडीत चढल्या.

ट्रक! ट्रक म्हातारा! आणि घरघर म्हणे!

मी इशिताला स्वयंपाकघरात ओढलं. म्हटलं, घरघर लागणे म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? ती म्हणाली, "घर-घर? म्हणजे हर घर में?" तिला काय सांगणार! सांगितलं — जीव जाताना माणसाच्या घशात जो आवाज होतो ना, तो. तिचा चेहरा उतरला. दारातून आजोबांकडे बघत राहिली. मला दया आली. चूक तिची थोडीच? दिल्लीत वाढलेलं पोर. आम्हीच घरी अर्धं हिंदी बोलतो आणि गणपतीत शुद्ध मराठीवर भाषणं ठोकतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ताई म्हणतात, मी चुकून आले. अट पुरी झालेली नाही, रविवारी परत जाते. यतीन म्हणाला, ताई, आलीसच आहेस तर राहा ना. त्या म्हणाल्या, नको रे, मग त्यांना वाटेल मी शब्द मोडला.

आणि बाबा? बाबा काही म्हणत नाहीत. खोलीत दोघंच असतात, मध्ये रेडिओ बोलत असतो. दुपारी डोकावले तर बाबांनी पेपरचं आतलं पान सोडवून तिच्या बाजूच्या स्टुलावर ठेवलं होतं. ती वाचत होती. इतकंच.

मला दोघांना हलवून हलवून विचारावंसं वाटतं — पुढच्या वेळी खरीच घरघर लागेल तेव्हा येऊन काय करणार? पण विचारत नाही. सून आहे. सुनेने भाजी निवडायची.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! आणि मला सापडलं!

ताईंसाठी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होते. मिक्सरचं भांडं नीट बसलं नव्हतं. बटण दाबलं आणि — खर्रर्र. तोच आवाज! अगदी तोच! भांडं धड जोडलेलं नाही, धड सुटंही नाही. दाते एकमेकांवर नुसते आपटतायत. मी चटणीचा हात तसाच घेऊन खाली धावले. मागे यतीन, मागे इशिता, मागे ताई.

ट्रकच्या पुढच्या दोन्ही चाकांवर, प्रत्येकाच्या मधोमध, एकेक फिरवायची चकती असते. एका बाजूला लॉक, दुसऱ्या बाजूला फ्री. लॉक केली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं, फ्री केली की सुटतं. उजव्या चाकाची चकती बरोबर फ्रीवर. डाव्याची? ना इकडे ना तिकडे. द्वारकेच्या चिखलात कधीतरी यतीननेच फिरवलेली, माती अडकून अर्ध्यातच थांबलेली. वाळूत चारही चाकांना ताकद मिळाली की सगळं एकाच वेगाने फिरायचं, म्हणून दाते गप्प. तेवढ्यासाठी बेअरिंग बदललं!

मी म्हटलं, या घरातला रोगच हा आहे. जोडायचं नाही आणि सोडायचंही नाही. ताई चकतीकडे बघत होत्या.

यतीनने ती खोलली, रॉकेलमध्ये धुतली, ग्रीस भरलं, परत बसवली. फेरी मारून आलो. काही नाही. नुसत्या टायरची सळसळ. चोप्रा बाल्कनीतून म्हणाले, मैंने तो पहले ही कहा था.

रविवारी ताईंना स्टेशनवर सोडायला म्हातारा तयार.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ताईंची बॅग भरून दाराशी. बाबांनी मला विचारलं, ट्रक दुरुस्त झाला का. म्हटलं, झाला, आता हूं की चूं नाही. ते म्हणाले, "एवढी घाई काय होती?"

म्हाताऱ्या माणसांना आवाजाचीही सवय होते बहुतेक.

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बघते तर ताई बॅगेतल्या साड्या परत काढून कपाटात लावतायत. यतीनला तिकीट रद्द करायला पाठवलंय म्हणे. मी म्हटलं, ताई, आमच्या पोरीच्या मराठीने तुम्हाला केवढं घाबरवलं, मला माफ करा.

त्या म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? ती फोनवर खरखर म्हणत होती. मागून बाबांचा आवाज आला — खरखर नव्हे गं, घरघर. लागलीय, असं म्हण."

मी साडीचं टोक धरून उभी. म्हटलं, म्हणजे काही झालेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?

"बोलावलं ना त्यांनी."