गंजीची निळी सावली

अण्णा,

माझ्या पांढऱ्या रंगात कुणीतरी हळद कालवतंय. फिर्याद गंभीर आहे. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे अनुमान तुम्हीच मला घोकायला लावलं होतं. तेव्हा संशयितांना एकेक करून तुमच्यापुढेच उभं करतो.

पन्नाशी उलटल्यावर मी तैलरंग शिकतोय, हे आधी सांगायला हवं. लातुरात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेले एक चाचा दर रविवारी सकाळी शिकवतात. त्यांची रीत एकच: एक चित्र घ्यायचं आणि जमेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा काढायचं. म्हणजे घोकंपट्टीच, म्हणून तर मला पटली. माझ्या वाट्याला एका फ्रेंच इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्राची छापील प्रत आली. शेतात दोन गंजी, कोवळं ऊन, बाकी सगळं धुकं. मी म्हणालो, कडब्याच्या अशा शंभर गंजी देवणीच्या वाटेवर फुकट दिसतात, त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? चाचा म्हणाले, "सर, पहिलं काढून तर दाखवा."

पहिला संशयित तेल. रंगात जवसाचं तेल घालतात असं कळल्यावर मी औशाच्या घाण्यावरून ताजं, चटणीवर घ्यायचं तेल आणलं. पंधरा दिवस चित्र वाळेना. माश्या चिकटल्या. चाचांनी बोट लावून वास घेतला. "हे खायाचं तेल हाय, सर! चित्राला जेवू घालून राहिलात का?" असल्या तेलानं रंग पिवळा पडतो, म्हणाले. मी निर्धास्त झालो, अग्नी सापडला. चित्रकारांच्या तेलाची बाटली आणली, नवी ट्यूब फोडली. पांढरा पुन्हा पिवळाच.

मग चाचांवरच संशय घेतला. "गंजीची सावली निळी घ्या," ते म्हणायचे. मला ती मातकट दिसायची.

"निळी कुठंय, चाचा?"

"या अल्ला! आभाळ सांडल्यावानी निळी हाय की!"

म्हातारा माझी फिरकी घेतोय, असं मी धरून चाललो. घरी हिला ट्यूब दाखवली. "हा पांढरा कसा वाटतो?" "दुधासारखा. का हो?" "सहज." हिलाही संशयितांच्या यादीत घातलं.

गेल्या रविवारी सगळे निर्दोष सुटले. माप घेताना कुंचला समोर धरून एक डोळा मिटायचा असतो. मी नेहमी डावा मिटतो. त्या दिवशी चुकून उजवा मिटला. सावली निळी झाली. पांढरा दुधासारखा झाला. डोळा बदलला, आणि पुन्हा हळद.

तेव्हापासून, अण्णा, संशय तुमच्यावर आहे. आठवतंय? नांदेडच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही मला पोथी वाचायला बसवलंय. "तुझे उच्चार तपासतोय," म्हणता. मी एक ओळ गाळतो. पोथीकडे न बघता तुम्ही म्हणता, "मागं जा, चोरा." केवढा अभिमान वाटायचा तुमच्या पाठांतराचा! मी दहावीत असताना तुम्ही तुमचं भिंग मला देऊन टाकलंत. "मला आता लागत नाही." तुमचे डोळे सुधारले, हे सांगायला मी आईकडे धावत गेलो होतो. तिच्या तव्यावरची भाकरी करपली तेवढी. काचबिंदू हा शब्द मी ऐकला तो फार नंतर, डॉक्टरांनी हात टेकल्यावर. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी दोनदा घेतली आणि दोनदा शाळेतल्या वर्गाचं निमित्त काढून गेलो नाही. मोतीबिंदू असेल तर काढतील. पण तुमचंच माझ्याकडे आलं असेल तर?

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये; खणात तुमच्या भिंगाखाली ठेवतो. भिंग अजून उपयोगाला येतं, हे काल पाहून घेतलं. हिला अजून काही सांगितलेलं नाही. मला आंधळं व्हायची भीती वाटते, अण्णा.